ब्रूटसचा सोवळेपणा

इंग्रजी वाङ्मयाच्या परीक्षेसाठी बाजारात ज्या मार्गदर्शिका मिळतात, त्यांत एलिझाबेथकालीन शोकांतिकांच्या नायकांचा एक तक्ता हमखास असतो. मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे चालढकल, फॉस्टस म्हणजे ज्ञानाचा हव्यास. डावीकडे नाव, उजवीकडे दोष. मॅकबेथ हे नाटक तर एलिझाबेथ राणी १६०३ मध्ये वारल्यानंतरचे, पण तक्त्याला त्याचे सोयरसुतक नसते. माझी भाची इथे बडोद्यातच एम. ए. करते. तिने परवा विचारले, "मावशी, ब्रूटसपुढे काय लिहू? पुस्तकात नुसतं 'भोळेपणा' दिलंय." ब्रूटस म्हणजे शेक्सपिअरच्या 'ज्यूलिअस सीझर' नाटकात सीझरच्या खुनाच्या कटात सामील होणारा त्याचा मित्र. मी म्हटले, "तो रकाना कोराच ठेव." परीक्षा तोंडावर आलेल्या मुलीला असले उत्तर रुचण्यासारखे नव्हते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

या तक्त्याचे मूळ ॲरिस्टॉटलपर्यंत नेता येते. चांगल्यापैकी माणूस कुठल्याशा प्रमादामुळे विपत्तीत सापडतो, असे त्याने ग्रीक नाटकांच्या संदर्भात म्हटले होते. पुढे १९०४ मध्ये समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांची शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरील व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि आमच्या प्राध्यापकांच्या पिढ्या त्यांवर पोसल्या. ब्रॅडली स्वतः फार बारकाईने वाचणारे होते. त्यांचा काढा करून बाटल्या भरणारे नंतर आले. एलिझाबेथकालीन नाटककारांसमोरचा ऐवज मात्र बराच वेगळा होता. रोमन नाटककार सेनेका याच्या नावावरील दहा शोकांतिकांची इंग्रजी भाषांतरे १५८१ मध्ये एकत्र छापली गेली होती, दैवाच्या चक्रावरून कोसळलेल्या राजांच्या कथा लोकांना पाठ होत्या, आणि माणसाच्या एका बाजूला सद्बुद्धी व दुसऱ्या बाजूला दुर्बुद्धी उभी करणारी जुनी नीतिपर नाटके अजून विस्मरणात गेली नव्हती. तेव्हा नायकाचा दोष शोधायचा, तर तो रंगमंचावर काय करतो आणि विशेषतः स्वतःला काय पटवतो, तिथेच शोधावा, असे माझे मत आहे. हे नायक सर्वांत सुंदर युक्तिवाद करत असतात, नेमके तेव्हाच ते घसरतात.

शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो, त्याचा फॉस्टस पाहा. विटेनबर्गचा हा पंडित पहिल्याच प्रवेशात तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा असे एकेक शास्त्र उचलतो आणि अपुरे म्हणून बाजूला टाकतो. शेवटी तो बायबल उघडतो. पापाचे वेतन मरण आहे, हे वाक्य तो लॅटिनमधून वाचतो, आणि तिथेच थांबतो. त्याच वचनाच्या उत्तरार्धात ईश्वराच्या कृपेने मिळणाऱ्या सार्वकालिक जीवनाचे आश्वासन आहे. ते तो वाचत नाही. लगेच दुसरे वचन घेतो, त्याचेही तेच. मग सगळे विधिलिखितच असेल तर धर्मशास्त्र हवे कशाला, असा निष्कर्ष काढून तो मंत्रतंत्राच्या पोथीकडे वळतो. चर्चमध्ये नित्य जाणाऱ्या त्या काळच्या प्रेक्षकांपैकी कितीजणांना गाळलेला भाग मनातल्या मनात ऐकू आला असेल! हव्यास आहे हे खरेच, पण डोळ्यांसमोर घडते ते अर्धे वाक्य वाचून पुस्तक मिटणे, आणि तेही एका पंडिताने. सैतानाशी केलेल्या चोवीस वर्षांच्या कराराने मिळवलेल्या सामर्थ्यातून त्याने काय साधले, तर पोपच्या ताटातले पळवले आणि एका गर्भवती सरदारपत्नीला ऐन जानेवारीत द्राक्षे आणून दिली.

ब्रूटस याहून अवघड आहे, कारण त्याच्यात लोभ नाही. सीझरवरचे हे नाटक १५९९ चे. बाझलहून आलेला थॉमस प्लॅटर नावाचा प्रवासी त्या वर्षी २१ सप्टेंबरला थेम्सपलीकडच्या गवती छपराच्या नाटकगृहात ज्यूलिअस सीझरचे नाटक पाहून आला. सुमारे १५ नटांनी काम छान केले आणि खेळ संपल्यावर रिवाजाप्रमाणे नाच केला, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. एवढी प्रेते पडल्यावर नाच! राणी तेव्हा ६६ वर्षांची, निपुत्रिक, आणि तिच्यानंतर कोण, याची उघड चर्चा करणे धोक्याचे. अशा वेळी एक सज्जन सत्ताधीशाला मारायचे का, याचा विचार करत मध्यरात्री बागेत फिरताना त्या प्रेक्षकांनी पाहिला.

त्या स्वगताचे पहिले वाक्यच निकालाचे आहे: त्याच्या मृत्यूनेच हे व्हायला हवे. कारणे त्यानंतर येतात. सीझरविरुद्ध आपली वैयक्तिक तक्रार नाही आणि विकारांनी त्याच्या बुद्धीवर मात केल्याचे कधी दिसले नाही, हे ब्रूटस स्वतःच कबूल करतो. तरीही, तो आज जसा आहे त्यावरून आरोप टिकत नसेल तर उद्या तो कसा होईल यावरून मांडू, असे म्हणून तो सापाच्या अंड्याचा दाखला देतो आणि अंड्यातच मारायचे ठरवतो. आधी निकाल, मग पुरावा. असे एखाद्या लबाडाने केले असते तर आपण हसलो असतो. ब्रूटस करतो तेव्हा ते उदात्त वाटते, आणि त्याला स्वतःलाही तसेच वाटते.

पुढे त्याला कटात ओढणारा कॅशिअस तीनदा त्याला सावध करतो आणि तिन्ही वेळा कॅशिअसचेच बरोबर असते. सीझरचा जिवलग अँटनी, त्यालाही मारा, असे तो सुचवतो. ब्रूटस म्हणतो, आपण खाटीक नव्हे, यज्ञ करणारे आहोत. अँटनीला प्रेतापुढे बोलू देऊ नका, असे तो बाजूला घेऊन बजावतो. ब्रूटस म्हणतो, आधी मी कारणे सांगेन, मग कसली भीती. शेवटच्या लढाईसाठी फिलिपायला चालून न जाता शत्रूलाच इकडे येऊन दमू द्या, असे तो म्हणतो. त्यावर ब्रूटस माणसाच्या व्यवहारांतल्या भरतीविषयीच्या त्या प्रसिद्ध ओळी ऐकवतो. निरोप समारंभांत आणि यशस्वी होण्याच्या पुस्तकांत या ओळी सर्रास वापरल्या जातात. नाटकात त्या एका चुकीच्या निर्णयाचे समर्थन आहेत, याची आठवण कुणी ठेवत नाही.

आणि तंबूतले ते भांडण! कॅशिअसने लाच घेतली म्हणून ब्रूटस त्याला फैलावर घेतो, आणि त्याच दमात तक्रार करतो की सैन्याच्या पगारासाठी मी तुझ्याकडे सोने मागितले ते तू दिले नाहीस. मला हीन मार्गाने पैसा उभारता येत नाही. म्हणजे कॅशिअसने तो तसा उभारला तर त्याला चालणार आहे. आपण सोवळ्यात राहायचे आणि पाणी मात्र दुसऱ्याने ओवळ्याने भरून आणायचे, असा हा प्रकार. त्याला भोळेपणा म्हणवत नाही. कॅशिअसही ऐकून घेतो, कारण ब्रूटसच्या नावावाचून हा कट लोकांना पटणार नाही, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. ज्या शुद्धतेसाठी त्याला कटात ओढले, तीच पुढे कुणाला आवरत नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला इथे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधला वकील सुधाकर आठवल्यावाचून राहत नाही. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग याच शहरात केला. बोडसांचा सुधाकर, बालगंधर्वांची सिंधू. त्या नायकाचा दोष तक्त्यात 'दारू' असा लिहितील, पण प्याला हाती येण्याआधी त्याचा मानीपणा आहे, कोर्टातला अपमान आहे आणि गेलेली सनद आहे. गडकऱ्यांना शेक्सपिअर किती मुरलेला होता, ते इथे कळते. फरक एवढाच की सुधाकर आपले चुकले कुठे ते मित्र रामलालपुढे वकिली नेमकेपणाने मांडतो, आणि तरीही सुटत नाही.

ब्रूटसच्या वाट्याला एवढीही उमज येत नाही. तलवारीवर पडण्यापूर्वी तो सोबत्यांना समाधानाने सांगतो की सबंध आयुष्यात माझ्याशी खरा वागला नाही असा एकही माणूस मला भेटला नाही. सीझरला असे म्हणता आले नसते, आणि ते ब्रूटसमुळेच. पण हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, आणि भोवतालचे कुणी तो बोलूनही दाखवत नाही. भाचीने निदान ही जागा उत्तरात घ्यावी. रकान्यात बसवायला ती लांब पडेल, पण गुण त्यालाच मिळायला हवेत.