पखवाज सुटला, गोष्ट नाय सुटली

कुडाळकडचे आमचे तात्या (आईचे मानलेले भाऊ, पण मामा कोणीच म्हणत नाही, अख्ख्या वाडीचे तात्या) म्हणजे दशावतारातले (कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य) पखवाजी. आता संधिवाताने बोटं वळत नाहीत, कंपनीबरोबर रात्र रात्र जागणं झेपत नाही, तर साठी उलटल्यावर हा माणूस गोष्टी सांगत फिरतोय. शाळा, देऊळ, कोणाचं बारसं, हल्ली तर रिसॉर्टवाले पण बोलवतात.

सगळे म्हणतात वा, या वयात नवीन करिअर! मला नाही पटत. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतंच, आख्यान ठरतं, सोंगं वाटली जातात आणि मग नट उभ्या उभ्या संवाद रचतात, त्यामुळे कोण कधी पद उचलणार, कधी युद्धाला उठणार हे पेटीवाल्याला नि पखवाजवाल्याला आधीच कळावं लागतं, नाहीतर राक्षस तलवार उपसून उभा आणि ताल गायब. दिवाळीनंतर जत्रा लागल्या की पार मे पर्यंत हेच. म्हणजे गोष्ट सांगण्याची शिकवणी कधीचीच चालू होती, फक्त तोंड बंद होतं.

पिंगुळीच्या चित्रकथीवाल्यांकडे निदान चित्रांची पोथी असते, त्यातल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री पण जाहीर झाली. तात्यांकडे काहीच नाही, एक लाकडी बाकडा. राजा बोलला की भरजरी शुद्ध मराठी, संकासुर (दशावतारातला विनोदी राक्षस) आला की अस्सल मालवणी, आणि मधे थांबतात ना तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं बाकड्यावर टकटकतात. डावा हात नुसता मांडीवर पडलेला, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापायचा तोच हात. ती टकटक वाढली की पोरं पुढे सरकतात, कारण आता कोणीतरी मरणार हे त्यांना कळलेलं असतं!

मागे एका रिसॉर्टवर बुफे आणि डीजेच्या मधे दहा मिनिटं दिली होती, वर सूत्रसंचालक कानाशी येऊन "आवरा". मी जाम वैतागले. तात्या शांत, पण तेव्हापासून फोन आला की मानधनाच्या आधी अट घालतात, गोष्ट जेवणाच्या आधी. का म्हणून विचारलं तर म्हणे, "अगो, जेवल्यार माणसा पेंगतत, पखवाजामागे बसान जल्मभर ताच बघलंय मी."