एका डिटेक्टरचं कोडं अजून सुटलेलं नाही

अवरक्त म्हणजे उष्णतेची किरणं टिपणाऱ्या आमच्या डिटेक्टरांची पेटी परत आली, सोबत चिठ्ठी होती: ‘संवेदनशीलता घसरली, थराची रचना बदला.’ काही न मोजता थराला दोष दिलेला मला सहन होत नाही. त्या रचनेवर मी फार जीव लावला आहे. मायक्रॉनपेक्षाही पातळ सिलिकॉन नायट्राइडचा पडदा, त्यावर बिस्मथ आणि अँटिमनीचे पट्टे. हे दोन धातू जुळतात तिथे जोड, आणि गरम-थंड जोडांच्या तापमानातल्या फरकातून विद्युतदाब मिळतो. गरम जोड पडद्याच्या मध्यावर, काळ्या सोन्याच्या लेपाखाली. थंड जोड कडेच्या जाड सिलिकॉनवर. बिस्मथचा विद्युतरोध जास्त आणि उष्णता वाहण्याची क्षमता कमी, म्हणून त्याचा पट्टा रुंद ठेवायचा. ठोकळा (जाड, अखंड) धातूचे आकडे घेतले तर अँटिमनीच्या पट्ट्याच्या सुमारे ३ पट. पण थर पातळ झाला की रोध चढतो, म्हणून दर वेळी नमुना काढून मोजावंच लागतं.

आधी रोध पाहिला. पाठवताना होता तेवढाच. म्हणजे पट्ट्यांना तडा नव्हता, जोडही शाबूत होते. मग चॉपर, म्हणजे किरणं ठरावीक वेगाने अडवणारी-सोडणारी खाचांची चकती, फिरवून प्रतिसादकाळ घेतला, म्हणजे किरणं बदलल्यावर डिटेक्टरला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ. डिटेक्टर चक्क जलद झाले होते!

संवेदनशीलता आणि प्रतिसादकाळ दोन्ही उष्णतेच्या गळतीवर ठरतात. गळती दुप्पट झाली की दोन्ही निम्मे होतात. इथे दोन्ही एकाच प्रमाणात उतरले होते, म्हणजे पडद्यावरून उष्णतेला नवी वाट मिळाली होती. डिटेक्टरवर खिडकी असलेली बंद टोपी असते, तिच्या आत आम्ही झेनॉन वायू भरतो. त्याची उष्णतावाहकता हवेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते. खिडकीच्या चिकटवलेल्या कडेतून झेनॉन गेला होता आणि हवा आत आली होती. थर निर्दोष होता.

हे पाठवण्यापूर्वीच कळलं असतं. पण वेळ वाचवायचा म्हणून चाचणीच्या तक्त्यातून प्रतिसादकाळाचा रकाना काढून टाकला होता. मी तेव्हाही विरोध केला होता. नुसती संवेदनशीलता मोजली तर काहीतरी बिघडलंय एवढंच समजतं. कुठे, ते नाही.

त्याच पेटीतला एक डिटेक्टर मात्र वेगळा निघाला. संवेदनशीलता इतरांसारखीच घसरलेली, प्रतिसादकाळ जागच्या जागी. गळती नाही, रोध ठीक, म्हणजे मुळात किरणंच कमी शोषली जात होती. टोपी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काळं सोनं कमी दाबाच्या वायूत सोनं उडवून बसवलेलं असतं. काजळीसारखं भुसभुशीत, बोट लागलं तरी दबतं. मधला भाग बसला होता आणि तिथे सोन्याची पिवळसर चमक दिसत होती. वस्तुमान तेवढंच राहिलं, म्हणून वेगात फरक नाही. पण लांब तरंगलांबीची अवरक्त किरणं आता परतत होती.

टोपीच्या आत त्याला कोण शिवणार? वरिष्ठ म्हणाले, “अहो, एकाच नगाचं काय घेऊन बसलात?” मला ते पटत नाही. माझा संशय खिडकीच्या गोंदातून सुटणाऱ्या वाफेवर आहे. पुढच्या खेपेत अर्ध्या टोप्यांच्या खिडक्या गोंदाऐवजी डाखाने बसवणार आहे, आणि प्रतिसादकाळ प्रत्येक नगाचा मी स्वतः घेणार आहे.