टेम्पोरल प्लॅनर: दाराचं कोडं सुटलं

माझा टेम्पोरल प्लॅनर, म्हणजे कोणती कृती कधी करायची ते शोधणारा प्रोग्राम, अखेर म्हणाला: ‘प्लॅन सापडला’! मागच्या अपडेटमध्ये ज्या दारापाशी गाडं अडलं होतं, ते काल रात्री सुटलं, आणि व्हॅलनेही (प्लॅन बरोबर आहे का ते तपासणारा प्रोग्राम) प्लॅन पास केला.

डोमेन, म्हणजे प्लॅनरला दिलेलं कोडं, तेच. गाडी ढकलत न्यायला १० मिनिटं, दार एकदाच उघडता येतं आणि उघडं राहतं फक्त ४ मिनिटं, आणि गाडी पोहोचते त्या क्षणी ते उघडं हवं. प्लॅनर दरवेळी ‘उत्तर नाही’ म्हणून हात वर करायचा, कारण जुना सर्च नवी कृती फक्त काहीतरी घडतं त्याच क्षणी सुरू करायचा: ० किंवा १०. शून्यावर उघडलं तर चौथ्या मिनिटाला बंद, दहाव्याला उघडावं तर उशीर झालेला. आठव्या मिनिटाला काहीच घडत नाही, म्हणून तिकडे तो फिरकतच नाही. ह्युरिस्टिक (सर्चला दिशा देणारा अंदाज) सुधारून हे सुटणारं नव्हतंच. ही पद्धत मुळात अपुरी आहे हे कशिंग, कंभमपती, मौसम आणि वेल्ड यांनी २००७ मध्येच दाखवलंय.

आता वेळ ठरवण्याचं काम सर्चकडून काढूनच घेतलं. प्रत्येक कृतीची सुरुवात आणि शेवट हे दोन वेगळे स्नॅप, म्हणजे क्षणात घडणाऱ्या कृती. सर्च नुसता क्रम लावतो, आकडे एसटीएन (सिंपल टेम्पोरल नेटवर्क, म्हणजे क्षणांमधल्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त अंतरांचं जाळं) बघतं. त्यात ऋण चक्र सापडलं, म्हणजे वेळा एकमेकींशी जुळूच शकत नाहीत, की सर्चची ती फांदी तिथेच छाटायची. लॉगमध्ये दार उघडण्याची मुभा ६.००१ ते ९.९९९ अशी छापून आली, तेव्हा कितीतरी वेळ मी त्या ओळीकडे बघत बसलो!

एप्सिलॉन, म्हणजे दोन घटनांमधलं किमान अंतर, ०.००१ मिनिट आहे, पण आत सगळं पूर्णांकात, मिनिटाचे हजार भाग करून. फ्लोट (अंदाजे साठवलेल्या दशांश संख्या) अजिबात वापरू नका. बेरजांमध्ये शेवटचा अंक घसरतो, शून्य वजनाचं चक्र ऋण भासतं आणि चांगला प्लॅन हकनाक मारला जातो.

सर्चच्या दर नोडला (टप्प्याला) एसटीएन तपासायला अख्खं फ्लॉइड-वॉर्शल (सगळ्या जोड्यांमधली अंतरं काढणारा अल्गोरिदम) महाग पडतं, म्हणून पुढे इन्क्रिमेंटल बेलमन-फोर्ड (फक्त बदललेला भाग पुन्हा मोजणारा) घालायचा बेत होता. पण आत्ता लिहिता लिहिता प्रोफाइल (कुठे किती वेळ जातो त्याची नोंद) पुन्हा उघडलं, तर खरी गळती दुसरीकडेच आहे. दोन गाड्या घातल्या की तीच तथ्यं असलेल्या स्टेट (सर्चमधल्या स्थिती) वेगवेगळी एसटीएन घेऊन पुन्हा पुन्हा येतात. तथ्यं सारखी म्हणून एक फेकून द्यावी, तर नेमकी तिच्यातच दाराची मुभा जास्त उरलेली असू शकते. चालू कृतींच्या सुरुवातींमधल्या अंतरांच्या हद्दी ताडून पाहिल्या तर? एकीच्या हद्दी दुसरीत पूर्ण मावत असतील, तर पहिली टाकता येईल. मग बेलमन-फोर्ड थांबू दे, आधी हेच. संपलेल्या कृतींचे बिंदू तुम्ही एसटीएनमधून नेमके कधी काढता?