वाचनालयातला झेल्डा आणि सीमेवरचा शिक्का

जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली, आता इथल्या गोष्टींचं फारसं नवल वाटत नाही, पण आमच्या गावच्या वाचनालयात कादंबऱ्यांच्या रांगेला लागूनच व्हिडिओ गेम्सचं कपाट बघितलं आणि तिथंच उभा राहिलो. कुलूप नाही, वेगळी डिपॉझिट नाही. वर्गणीचं कार्ड दाखवायचं आणि पुस्तक नेतो तसा गेम घरी न्यायचा. दुकानात ७० युरोला मिळणारा 'झेल्डा : टिअर्स ऑफ द किंगडम' तिथं नुसता ठेवलेला! काउंटरवरच्या आजींना विचारलं, हे पण देता तुम्ही? त्या म्हणाल्या, का नाही, लोक मागतात. बस्स, एवढंच. कुणाच्या चेहऱ्यावर 'एवढा मोठा माणूस आणि गेम?' असं काही नाही.

आता लगेच 'बघा परदेशात कसं असतं' म्हणू नका हं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे, कडोली-उचगावसारख्या खेड्यांत गावकरी साहित्य संमेलन भरवतात, आम्हाला वाचनाचं कुणी शिकवायला नको. पण गेम म्हटलं की आपल्याकडं अजून एकच वाक्य, वेळ वाया. आई अजून फोनवर विचारते, ते डबडं घेऊनच बसलास काय रे? नाटकाला तीन तास बसलो तर रसिक आणि गेमला बसलो तर रिकामटेकडा, हे मला आजवर पटलेलं नाही.

त्याच दिवशी एक नियम पण कळला. पोरगा दहा वर्षांचा, झेल्डा त्याच्या कार्डावर घ्यायला गेलो तर मशीनने नाकारलं. डब्यावर हिरवा शिक्का, म्हणजे बारा वर्षांपुढं. मी म्हटलं, मी बाप आहे, मी परवानगी देतोय. आजी म्हणाल्या, मग तुमच्या कार्डावर घ्या, घरी काय करायचं ते तुम्ही ठरवा, त्याच्या हातात मी देणार नाही. इथं प्रत्येक डब्यावर शून्य, सहा, बारा, सोळा, अठरा असा वयाचा शिक्का असतो आणि तो खरंच पाळतात. मला आवडलं. पण खरं सांगू, बेळगावच्या टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बसून आम्ही काउंटर-स्ट्राइक आणि व्हाइस सिटी असले गोळीबाराचे गेम खेळलो, कुणी वय विचारलं नाही, आणि त्या टोळीतला एक आज डॉक्टर आहे, एक मिलिटरीत, एक उद्यमबागमध्ये स्वतःचं वर्कशॉप चालवतो. बिघडलं कोण? ओरडायला, हरायला, दुसऱ्याला खुर्ची द्यायला आम्ही तिथंच शिकलो, घरात एकटं बसून पोरांना ते मिळत नाही.

झेल्डा पोरानेच जास्त खेळला (हो, माझ्या कार्डावर). मी या महिन्यात सगळ्यात जास्त अडकलो तो 'पेपर्स, प्लीज'मध्ये. २०१३ चा गेम, लुकास पोप नावाच्या एकाच माणसाने बनवलेला. आर्स्टोट्झका नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही पासपोर्ट तपासणारा कारकून, साल १९८२. जितकी माणसं तपासाल तितका पगार, आणि त्या पगारात घरचं जेवण, हीटर, औषध. रोज नवीन नियम, नवीन कागद, एकाच गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे. इथले कलीग म्हणतात, भारी गेम आहे, किती निराशाजनक. मला मात्र तो ओळखीचाच वाटला.

कोरोनात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवा तरच कर्नाटकात, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. चंदगडची माणसं दवाखान्याला, बाजाराला पिढ्यान् पिढ्या बेळगावला येतात, त्यांना शिनोळी ओलांडली की दुसरं राज्य हे कधी जाणवलंच नव्हतं. माझ्या मामीला तर अशाच एका नाक्यावर थांबवलं, मामांचा रिपोर्ट होता, तिचा नव्हता. तिथला पोलीस कन्नडमध्ये बोलला, मामी मराठीत, आणि शेवटी त्याने हातानेच 'जा पुढं' केलं.

गेममध्ये नेमका असाच प्रसंग आहे. नवऱ्याचे कागद बरोबर, तो जाताना सांगतो, मागं माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायकोकडं एक कागद कमी. सोडलं तर तुमच्यावर चूक नोंदवली जाते. मी सोडलं. परत खेळलो तरी परत सोडलं. नियमावर नियम पाळणाऱ्या या देशात बसून मला तो नाक्यावरचा कन्नड पोलीसच मोठा वाटला, आणि हे मी सीमाभागातला मराठी माणूस म्हणून लिहितोय, विचारपूर्वक लिहितोय.

'वेनबा' नावाचा गेम दोनेक तासांत संपतो पण आठवडाभर डोक्यातून गेला नाही. ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची पाककृतींची फाटकी वही, आणि पुसलेल्या ओळी आपण अंदाजाने भरायच्या. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचल्या की वाफ सगळीकडं जाईल हे कोडं म्हणून येतं आणि आपल्याकडच्या कुठल्याही पोराला ते लगेच सुटेल. पुढं मुलगा कविन मोठा होतो, वही त्याच्या हातात येते, आणि त्याला तमिळ धड वाचता येत नाही. माझ्या पोराला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्या रात्री आईच्या हस्ताक्षरातली मसाल्याची चिठ्ठी शोधून त्याच्यासमोर ठेवली, पहिली ओळ त्याने बोट ठेवून वाचली. या गेमला २०२४ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश अकादमीचं पदार्पणाचं बक्षीस मिळालं, मिळायलाच पाहिजे होतं.

'डॉर्फरोमांटिक' बर्लिनच्या विद्यार्थ्यांनी काढलेला, षटकोनी तुकडे जोडून जंगल, शेत, नदी, रेल्वे वाढवत न्यायची. शांत आहे. रेल्वे जंगलातून नेली की मला खानापूर-लोंढाच दिसतं, पण जास्त लिहिण्यासारखं नाही.

आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी'. २०२० चा. भावाला राक्षसांनी पळवलेलं, सर्कशीतली बहीण त्रिशूळ घेऊन निघते. त्यांनी आधी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला, तरी गेम काढला. लढाई थोडी अडखळते, खरंय, कॅमेरा पण कधीकधी चुकीच्या जागी असतो, पण महाल, कमानी, रंग बघून माझा जर्मन कलीग दर दोन मिनिटांनी थांबत होता आणि मी त्याला दुर्गा कोण, विष्णू कोण हे सांगत होतो. छाती फुगली, उगाच कशाला लपवू.

पुणे करू शकतं तर बेळगावला काय अडचण आहे? एवढी इंजिनिअरिंगची पोरं आहेत. कुणी राजहंसगडावर, खडेबाजारावर, नाहीतर त्या नाक्यावरच गेम बनवत असाल तर खाली लिहा, अर्धवट असला तरी पाठवा, रात्री बसून खेळतो आणि चुका काढून देतो.