खुराड्याची नोंद, आठवडा सहावा : बारापैकी अकरा आत

काल दिवेलागणीला बारापैकी अकरा कोंबड्या आपल्या पायांनी आत गेल्या. कुणाला उचलावं लागलं नाही, कुणामागे पळावं लागलं नाही. दार लावून दोनदा मोजल्या, अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन पुन्हा मोजल्या. अकराच! गेल्या पंधरा दिवसांत इतकी शांत संध्याकाळ आली नव्हती.

मागच्या नोंदीत पाच नव्या तलंगांपाशी (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) थांबलो होतो. संध्याकाळी आपणहून खुराड्यात जायला त्यांना शिकवत होतो. १४ दिवस कोंडून झाल्या होत्या, डब्यातल्या मक्याचा खुळखुळाट पक्का झाला होता. भर दुपारी डबा वाजवला तरी कुंपणाच्या टोकाकडून धावत यायच्या. पण तिन्हीसांजेला दारापर्यंत यायच्या, मान आत घालायच्या, क्षणभर थबकायच्या आणि वळून थेट पेरूच्या झाडावर. मला वाटलं शिकवणीच कमी पडतेय. म्हणून डबा जास्त वेळा वाजवला, संध्याकाळी भूक राहावी म्हणून दुपारचे दाणे कमी केले. त्या आत यायच्या, दाणे संपवायच्या, की परत पेरू.

मग गेल्या आठवड्यात जुन्या कोंबड्याही बिथरल्या. राणी तीन वर्षं आतल्या बसायच्या दांडीच्या उजव्या टोकाला झोपते, तिची जागा कुणी घेत नाही. ती दाराबाहेर एक पाय पोटाशी धरून उभी राहिली आणि शेवटी खुराड्याच्या छपरावर जाऊन बसली. तलंगांना कळत नाही हे एक वेळ मान्य, पण राणीला काय शिकवायचं राहिलं होतं? तिथे शिकवणीचा विचार मी सोडला. आतच काहीतरी होतं.

दिवसा खुराडं दोनदा झाडून बघितलं होतं, काही दिसलं नव्हतं. चूक तिथेच झाली, रात्री बघायला हवं होतं. दहाच्या सुमाराला बॅटरी आणि पांढरा कागद घेऊन गेलो. दांडी भिंतीतल्या ज्या खाचेत बसते तिथे राखाडी भुकटी साचलेली, कुणी मीठ-मिरपूड शिंपडावी तशी. दांडीच्या खालच्या अंगाने कागद दाबून ओढला आणि उलटा करून बघितला. लालभडक रेघा. रेघांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालत होते. आत झोपलेल्या एका कोंबडीच्या पायावरून एक रांगच वर निघाली होती.

लाल माइट. ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं माहीत आहे. हा किडा कोंबडीच्या अंगावर राहत नाही. दिवसभर फटीत, सालीखाली, खिळ्याच्या भोकात दडतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत फटीत. उपाशीपोटी राखाडी, पोट भरलं की लाल. लांबी एक मिलिमीटरही नाही. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण आठवडा पुरतो आणि रक्ताशिवाय तो कित्येक महिने तग धरतो. म्हणजे खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही उपयोग नाही. रात्रभर हे अंगावर चढत असेल तर कोंबडीने आत का यावं? मी तिला हट्टी म्हणत होतो आणि ती बिचारी मला रोज दारात उभी राहून सांगत होती. दोन जुन्या कोंबड्यांचे तुरे फिके पडलेत हेही मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

गुन्हेगार माझीच देखणी दांडी. सालीसकटची फांदी हौसेने बसवली होती, पायांना पकड चांगली मिळेल म्हणून. पकड मिळाली, पण सालीखाली माइटचं गावच वसलं. ती फांदी त्याच सकाळी जाळली. नवीन दांडी रंधा मारलेल्या लाकडाची, ५ सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेल्या. बोटं झाकून पोटाखाली घेता येतील एवढी रुंदी हवी. गोल प्लॅस्टिकच्या पाइपबद्दल माझं मत बदललेलं नाही. धुवायला सोपा, पण पाय घसरतात आणि रात्रभर कोंबडी तोल सावरत बसते.

सगळं गवत-भुसा काढला, उकळतं पाणी आणि साबण प्रत्येक फटीत ओतला, दोन दिवस दारं उघडी टाकून कडकडीत वाळवलं. मग डायटोमेशियस माती, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची भुकटी, मऊ ब्रशने खाचांत भरली. ही भुकटी किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि तो सुकून मरतो. ओली झाली की निकामी, म्हणून वाळवण्यात घाई करू नका. आणि नाकाला मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट. घेताना खाद्याच्या दर्जाची घ्या. मला एका विक्रेत्याने जलतरण तलावाच्या गाळणीची दिली होती, ती भाजलेली असते आणि श्वासातून जास्त धोक्याची. पाकीट न फोडता परत केली. पहिल्या धुण्यातून वाचलेल्या माइटच्या अंड्यांसाठी सहाव्या दिवशी सगळं पुन्हा केलं. त्या रात्री कागद ओढला तर एकच फिकट रेघ.

राणी त्याच रात्री आत गेली. मी बराच वेळ दाराशी उभा राहून तिची सुखाची घरघर ऐकत होतो.

तलंगा मात्र अजून दारातच थबकायच्या. माइट गेले होते, मग आता काय? दुपारी गुडघ्यांवर बसून मी स्वतः कोंबडीच्या उंचीवरून आत बघितलं. बाहेर लख्ख, आत काळोखाची गुहा. कोंबडीच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या, आपल्याकडे तीनच, त्यामुळे उजेडात तिला आपल्याहून जास्त रंग दिसतात. पण अंधुक उजेडात बघायला लागणाऱ्या दंडपेशी कमी. मावळतीला आत शिरणं म्हणजे तिच्यासाठी डोळे मिटून पाऊल टाकणं. जुन्यांना जागा पाठ असते, नव्यांना नसते. आणि त्या वेळी पेरूच्या शेंड्यावर अजून उजेड असतो.

आत बॅटरीवरचा छोटा पिवळा दिवा टांगला, सूर्यास्ताआधी अर्धा तास लागेल असा. पहिल्याच संध्याकाळी चार तलंगा आत! पण दिवा एकदम विझला तेव्हा दोघी खालीच होत्या. दांडी दिसेना, तिथेच भिंतीला अंग टेकून गोठल्यासारख्या उभ्या राहिल्या. उचलून वर ठेवल्या. आता हळूहळू मंद होणारा दिवा लावलाय, पंधरा मिनिटं घेऊन विझतो. त्यात सगळ्या वर चढतात. फरक एवढाच, पण आधी सुचला असता तर त्या दोघींची ती रात्र वाचली असती.

आपोआप बंद होणाऱ्या दाराबद्दल दोन शब्द. उजेड मोजणारा सेन्सर मी काढून टाकला. ढगाळ संध्याकाळी त्याने दार लवकर पाडलं आणि तिघी बाहेर राहिल्या. वेळेवर चालणारा टायमर लावलाय, दर आठवड्याला सूर्यास्त बघून दोन-चार मिनिटं सरकवावा लागतो. तो त्रास मला मंजूर आहे.

बारावी म्हणजे चिंगी. ती येते, दिवा बघते, आत पाऊल टाकते आणि राणीने मान वळवली की माघारी. दांडी एकच आणि दारापासची बाजू राणीची. टोचण्याची उतरंड, म्हणजे कळपात कुणी कुणाला टोचायचं याची क्रमवारी, नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लीफ शेल्डेरूप-एबे यांनी १९२० च्या दशकातच मांडून ठेवली आहे, ती मी एका दांडीने मोडायला निघालो होतो. चिंगीच्या एका पंखाची पिसं कापली तर झाडावर चढणार नाही, हे खरं. पण दिवसभर मोकळं फिरणाऱ्या कोंबडीचं पळून जाण्याचं साधन मी काढून घेणार नाही.

दुसरी दांडी समोरच्या भिंतीला त्याच उंचीवर ठोकायची असं ठरलं होतं. खाली ठोकली तर वरच्या जागेसाठी भांडणं, म्हणून उंची तीच. पण हे लिहिता लिहिता खाचेतली ती भुकटी आठवली. भिंतीला लावायचीच कशाला? दोन्ही दांड्या चार पायांच्या घोडीवर बसवतो, भिंतीला कुठेही स्पर्श नाही, आणि प्रत्येक पाय तेलाच्या वाटीत. फटीत उरलेला माइट वर चढूच शकणार नाही. वाट्यांवर उलट्या टोपल्यांसारखी झाकणं लागतील, नाहीतर कोंबड्या तेलात पाय घालतील. प्रत्येकीला २५ सेंटिमीटर धरले तर सहा-सहा आरामात बसतात. लाकूड उद्या कापतो. ठोकायला घेतलेले खिळे परत डब्यात टाकले.

आज संध्याकाळी चिंगी पेरूवर गेली नाही. खुराड्याच्या छपरावर बसली, राणी बसली होती अगदी त्याच जागी. दार लावायच्या आधी मी हाताने उचलून तिला आत ठेवली. राणीने एकदा बघितलं आणि डोळे मिटले.