घाबरवून मुलं सुधरत नाहीत

आमच्या बालगृहाच्या मीटिंगमध्ये परवा परत तोच विषय, मोठ्या मुलांना एकदा जेल दाखवून आणा, आपोआप सरळ होतील. सांगणारे रामबागेतले जुने ट्रस्टी, मुलांवर जीव आहे त्यांचा. पण काका, हे करून झालंय हो! अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या एका तुरुंगात सुरू झालं, मुलांना आत न्यायचं आणि जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांना दम भरायचा. लोकांना फार आवडलं. मग कोणीतरी नीट तपासलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही मुलं पाठवली, काही नाही, असे ९ प्रयोग एकत्र पाहिले, साधारण ९५० मुलं, तर जेल बघून आलेल्यांनीच नंतर जास्त गुन्हे केले. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं!

मग चालतं काय? १९६७ साली अमेरिकेतच कॅन्ससमध्ये एका घरात मोजकी मुलं आणि त्यांना सांभाळणारे एक नवरा-बायको असं सुरू झालं, त्यातली एक गोष्ट मला फार पटते, एकदा टोकायचं तर चारदा कौतुक करायचं, आणि तेही नुसतं शाब्बास नाही, नेमकं काय चांगलं केलं ते सांगून. अर्थात तिथेही मुलं त्या घरात असेपर्यंत फरक दिसायचा, बाहेर पडल्यावर टिकायचा नाही, म्हणून मुलांच्या घरच्यांना सुरुवातीपासून धरून काम करायला हवं.

आमची अडचण वेगळीच आहे. काउन्सेलर ताई अकरा ते पाच, भांडणं रात्री नऊनंतर. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक मुलाचा केअर प्लॅन, म्हणजे त्याची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा, बनतो, तो ऑफिसच्या कपाटात, आणि रात्री ज्याच्या भरवशावर मुलं असतात त्या दादानं तो कधी पाहिलेलाच नसतो. मागे एका मुलानं वाढलेलं ताट भिरकावलं, वरण थेट भिंतीवर. दादा ओरडला नाही, जवळ जाऊन हळूच म्हणाला, भात नको होता ना, मग 'नको' म्हण, एकदा म्हणून दाखव. मुलगा बराच वेळ गप्प, मग पुटपुटला. दादा लगेच, "हां, असं बोललास की कळतं मला." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि दुसऱ्या पाळीवाल्याला ते येत नाही, तो हात उचलतो.

म्हणून जेलच्या ट्रिपची गाडी राहू द्या. त्याच पैशात रात्रीच्या दोघांना ट्रेनिंग द्या, ड्यूटीच्या तासांत, सुट्टीच्या दिवशी बोलावून नाही, आणि पगार न कापता.