पाचही जणांना बसू द्या : सेडान घेतानाचा माझा अनुभव

कर्ज, विमा, जुनी गाडी विकणं, यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते एका साध्या मागणीवर. घरची पाचही माणसं एकदम गाडीत बसणार आणि अर्धा तास फिरून येणार, एवढंच मी मागत होतो. कोल्हापुरातल्या एका शोरूमने एवढ्याशा गोष्टीसाठी जे हेलपाटे घालायला लावले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

घरची परिस्थिती आधी सांगतो. वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आईला कंबरेचा त्रास, शिवाय उंच गाडी घाटात हेलकावायला लागली की तिला मळमळतं. मी पाच फूट अकरा इंच, मुलगी माझ्या कानाला लागते. बहीण पुण्यात, त्यामुळे कोल्हापूर-पुणे सारखं चालू असतं आणि रुंदीकरणाच्या डायव्हर्जनमुळे बसून बसून अंग आंबतं. सगळे म्हणत होते एसयूव्ही घ्या. आईमुळे आम्ही सेडानच, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली बुटकी गाडी, ठरवली. प्रश्न आण्णांचा होता. सेडानची सीट खाली असते, बसताना गुडघा जास्त वाकतो आणि उठताना सगळा भार त्यावरच येतो. हे कागदावर कळणार कसं? बसूनच बघायला हवं.

मारुतीची डिझायर आधी पाहिली. चार मीटरच्या आतली, २४५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी, चौघांना छान. मागे तिघं मोठी माणसं बसली की खांदे तिरके करावे लागले. सियाझ २०२५ मध्ये बंद झाली, नाहीतर आण्णांचं मत तिलाच होतं. उरल्या चार : होंडाची सिटी, ह्युंदाईची व्हर्ना आणि चाकणला बनणाऱ्या स्कोडाची स्लाव्हिया नि फोक्सवॅगनची व्हर्टस.

व्हीलबेसच्या आकड्यांवर जाऊ नका, हे मी ठामपणे सांगेन. व्हर्नाचा २६७०, स्लाव्हिया-व्हर्टसचा २६५१, सिटीचा २६०० मिमी. म्हणजे कागदावर सिटी सगळ्यात आखूड. प्रत्यक्षात गुडघ्यांपुढे सिटीत भरपूर जागा होती. दोन चाकांमधल्या अंतरातली जागा शेवटी पुढच्या सीटची जाडी, मागच्या पाठीचा कल आणि डॅशबोर्ड यांत वाटली जाते. तुमच्या गुडघ्याला किती उरते ते आकडा सांगत नाही. व्हर्नात पाय पसरायला ऐसपैस, पण छत मागे उतरत जातं, त्यामुळे मी ताठ बसलो की डोक्यावर फारसं काही उरत नव्हतं. स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये डोक्यावर मोकळं, मांडीखाली गादीचा आधार चांगला. तिघं बसलो की मात्र खांद्याला खांदा, आणि मधल्याच्या पायाशी गाडीच्या तळाचा उंचवटा. ही आमच्या अंगाची मापं आहेत, तुमची वेगळी निघतील.

आता त्या शोरूमचं. कंपनीचं नाव घेत नाही.

दारातच उभी असलेली गाडी आतून दिवाणखान्यासारखी दिसत होती. कारण पुढच्या दोन्ही सीट पार पुढे सरकवून ठेवल्या होत्या. मी ड्रायव्हरची सीट माझ्या उंचीप्रमाणे मागे घेतली तर सेल्समन धावत आला. "सर, डिस्प्लेची गाडी आहे, सेटिंग नका बदलू." मी म्हटलं, "गाडी मी चालवणार आणि माझ्या मागे माझे वडील बसणार. सीट माझ्या मापाची नको का?" तो हसला आणि आण्णांना डाव्या बाजूने बसायला सांगू लागला.

दुसरी गोष्ट, ती गाडी टॉप व्हेरियंट, म्हणजे त्या मॉडेलची सगळ्यात महागडी आवृत्ती होती. आम्हाला घ्यायचं होतं मधलं. "सीट सगळ्या सेमच असतात सर." नसतात. कापड बदलतं, बऱ्याच गाड्यांत खालच्या व्हेरियंटला मधला हेडरेस्ट, मागचा आर्मरेस्ट, मागचे एसी व्हेंट, ड्रायव्हर सीटची उंची कमीजास्त करायची सोय, यातलं काही ना काही कमी होतं. मधलं व्हेरियंट दाखवा म्हटलं तर उत्तर एकच : बुकिंग केलं की मागवू.

मग टेस्ट ड्राइव्ह. लायसन्सवाला आणि सोबत एकजण, बस्स. पाच जण बसवायची परवानगी नाही, पॉलिसी आहे. ती पॉलिसी लेखी दाखवा म्हटलं तर कोणाकडेच नव्हती. पुढे गाडी सांगलीला गेली, मग सर्व्हिसला गेली, मग "उद्या नक्की". एकदा वेळ ठरवून आण्णांना रिक्षाने घेऊन गेलो तर गाडी दुसऱ्याच गिऱ्हाइकाबरोबर बाहेर. तासभर सोफ्यावर बसवून कॉफी पाजली. तो सोफाही इतका खोल, की आण्णांना उठवायला दोघं लागलो. आणि रोज फोन : "सर, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे, टोकन टाकून ठेवा." दहा-बारा लाखांच्या वर पैसे मोजणाऱ्या माणसाने आधी टोकन टाकायचं आणि आपले वडील त्या सीटवरून उठू शकतात का हे नंतर बघायचं!

मी हटलो नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला तारीखवार सगळं लिहून मेल टाकला, शोरूमच्या मॅनेजरला त्याची प्रत. त्यानंतर मॅनेजरचाच फोन आला, "काका-काकूंना घेऊन या." गाडी तयार होती. शिरोलीवरून हायवेला लागलो, पाचही जण.

आणि जे शोरूममध्ये कधीच कळलं नसतं ते त्या अर्ध्या तासात कळलं. मी माझी सीट खाली घेतली की मागे आण्णांचं पाऊल तिच्याखाली जात नव्हतं. सीट थोडी वर घेतली की जागा व्हायची, पण मग माझं डोकं छताजवळ. तिघं बसल्यावर आईच्या बेल्टचं बक्कल गादीत रुतलं, सापडेना. मागच्या सीटवरही बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे, नसला तर हजार रुपये दंड. दंड बाजूला ठेवा, आई बेल्टशिवाय हायवेवर बसणार नाही. आणि उतरताना आण्णांनी दाराची वरची कड धरून स्वतःला ओढून घेतलं, पाऊल सीट आणि खांबाच्या मधून बाहेर काढायला त्यांना वळावं लागलं. त्यांनी फक्त मान हलवली. आमचा निर्णय झाला : ही गाडी नको.

बाकी शोरूममध्ये एका फोनवर गाडी मिळाली, एकाने तर घरीच आणली. शेवटी कोणती घेतली ते सांगत नाही, कारण आण्णांचा गुडघा आणि माझी उंची तुमच्या घरात नाही.

आठवलं म्हणून : घरच्या ज्येष्ठांना रोजच्या चपला-बुटांतच न्या, जाड सोलने बसण्याची उंची बदलते. डिकीचे लिटर पाहून खूश होऊ नका. व्हर्ना ५२८, स्लाव्हिया-व्हर्टस ५२१, सिटी ५०६, सगळेच मोठे. पण सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद असतं. वॉकर किंवा व्हीलचेअर असेल तर ती सोबत नेऊन घालून बघा. खूप मऊ गादीवर लगेच भाळू नका, पहिली पाच मिनिटं बरं वाटतं, नंतर माकडहाडावर भार येतो. आईने वीस मिनिटांनी जे सांगितलं तेच आम्ही धरलं. मांडीखाली हात सरकवून बघा, गुडघ्याकडे मोठी पोकळी राहत असेल तर लांबच्या प्रवासात पाय भरून येणार.

आणि शोरूमला जायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहूनच विचारा : पाच जण, अमुक व्हेरियंट, अर्धा तास हायवे, पुढची सीट आमच्या मापाने. "हो" असं लेखी आलं तरच घरच्यांना रिक्षात बसवा.